कोपीत वाढलेल्या अंगाची झोप

पोरी, तुला नाईट ड्यूटी लागल्याचं तुझ्या बापाने फोनवर सांगितलं. वर म्हणाला, "तिला काय होतंय? ऊसतोड्याची लेक आहे, जागरणाची सवय आहे." मला तिथंच बोलावंसं वाटलं, पण फोनवर हे पटवणं अवघड. म्हणून तुला लिहिते. माझं लहानपण तुझ्यासारखंच उसाच्या फडात गेलं आणि पुढची सगळी नोकरी सिस्टर म्हणून वॉर्डात गेली. जागरण कोणाच्या अंगाला किती लागतं, हे दोन्हीकडून पाहिलंय. जिचं लहानपण ओढग्रस्तीत गेलं, तिला अपुरी झोप इतरांपेक्षा महाग पडते, मग ती कितीही काटक असो. तेव्हा माझे हे कानमंत्र नीट ऐक आणि वाग.

सवय झाली म्हणजे सोसलं असं नाही

आपल्या माणसांना कमी झोपेचा अभिमान असतो. "मला चार तास पुरतात" असं आपण मिरवून सांगतो. हे वाक्य आजपासून सोड. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी धडधाकट माणसांना सलग चौदा रात्री कमी झोपू दिलं, कोणाला चार तास, कोणाला सहा. त्याचे निष्कर्ष २००३ साली छापून आले. दोन आठवड्यांच्या शेवटी सहा तास झोपणाऱ्यांचंही लक्ष आणि हुशारी इतकी घसरली होती, जणू त्यांनी एक-दोन रात्री डोळ्याला डोळा लावलाच नव्हता. त्यांना विचारलं तर मात्र म्हणायचे, थोडीशी पेंग येते, बाकी ठीक आहे. म्हणजे झोप कमी पडली की आपण किती ढासळलोय हे ओळखायची अक्कलही तिच्याबरोबर जाते.

वॉर्डात याचा अर्थ सरळ आहे. पहाटे तीन ते पाच ही सगळ्यात वाईट वेळ. तेव्हा इन्सुलिनची युनिटं भरलीस की दुसऱ्या सिस्टरला दाखव. पोटॅशियमची बाटली असेल तर लेबल मोठ्याने वाच. कोणी हसलं तर हसू दे. आणि सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देऊन झाल्यावर लगेच स्कूटीला किक मारू नकोस. चेंजिंग रूममध्ये वीस मिनिटं डोळे मीट, नाहीतर बसने जा. रात्रभर जागलेल्या माणसाचे डोळे सिग्नलला उघडे असूनही मिटलेले असतात.

आपल्या अंगाला काय शिकवलं गेलंय ते ओळख

तू सहा वर्षांची होईस्तोवर कोपीत झोपलीस. चटया आणि पाचटाची ती कोपी, दाराला एक लुगडं, आत चुलीची ऊब. दिवाळीच्या आसपास गाव सोडायचं आणि हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परतायचं नाही. पहाटे तीन-चारला आईबाप कोयता घेऊन फडात. हे झालं रोजचं. खरा घोर होता गाडीचा. ट्रक कधी येईल याचा नेम नसायचा. मध्यरात्री "गाडी आली रे" अशी हाळी आली की सगळी कोपी उठायची. बाया डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायच्या, आणि पोर कोपीत एकटं उरायचं. ते हाळीने जागं व्हायचं आणि आई परत येईपर्यंत जागंच राहायचं. तुझा बाप, मी, तू, आपण सगळे असेच एक कान उघडा ठेवून झोपायला शिकलो.

ते तेव्हा बरोबरच होतं. जिथं विंचू, कोल्हा, अनोळखी माणूस कोणीही येऊ शकतं, तिथं गाढ झोपणं परवडत नाही. पण अंग जे वाढीच्या वयात शिकतं ते सहजासहजी विसरत नाही. मेंदूतून निघालेला निरोप मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातो आणि तिथून कॉर्टिसॉल सुटतं, हे तू नर्सिंगला शिकलीस. निरोगी माणसात ते पहाटे-सकाळी चढतं आणि रात्री उतरतं. जिचं लहानपण सतत सावध राहण्यात गेलं, तिची ही चढउतार पुढे अनेकदा बिघडलेली दिसते. १९९८ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या दवाखान्यांमधून एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. मारहाण, घरातली दारू, आईवर होणारा हात अशा गोष्टी लहानपणी किती सोसल्या हे मोठ्या माणसांना विचारलं होतं. जितका त्रास जास्त, तितके पुढे हृदयविकार आणि इतर दुखणी जास्त. त्याच पाहणीवरून नंतर असंही दिसलं की अशा माणसांच्या झोपेच्या तक्रारी पन्नाशी-साठीतही जास्त असतात.

आपल्या घरी मारहाण नव्हती, हे आपलं नशीब. उपासमार आणि अस्थिरता मात्र होती. बहात्तरच्या दुष्काळात मी तुझ्या आजीबरोबर खडी फोडायच्या कामावर जायचे. तिथं मिळणारी सुकडी हेच दुपारचं जेवण. तेव्हा तुला झोप चटकन लागत नसेल, जरा खुट्ट झालं की जाग येत असेल, तर स्वतःला "मी घाबरट" असं नाव ठेवू नकोस. तुझं अंग जुनी ड्यूटी अजून इमानाने करतंय.

शेजारणीच्या झोपेशी आपली तुलना करू नको

तुझ्याबरोबरची एखादी मुलगी सात नाईट करून हसत घरी जाईल आणि तू तिसऱ्याच रात्री सर्दीने, अंगदुखीने, चिडचिडीने बेजार होशील. त्यामागे कारण आहे.

बहात्तर-त्र्याहत्तर साली, आपल्याकडे दुष्काळ होता त्याच काळात, न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात जन्मलेल्या हजारावर मुलांचा पाठपुरावा तिथल्या संशोधकांनी जन्मापासून केला. ती बत्तीस वर्षांची झाल्यावर त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा ज्यांची लहानपणी आबाळ किंवा छळ झाला होता त्यांच्यात सीआरपी वाढलेला असण्याचं प्रमाण जास्त निघालं. आजची राहणी, आजचा ताण, हे सगळं हिशेबात धरूनही. सीआरपी म्हणजे अंगात कुठंतरी दाह चालू असल्याची खूण. आणि दुसरीकडे, एका रात्रीची अर्धी झोप गेली तरी पांढऱ्या पेशी दाह वाढवणारी रसायनं जास्त बनवू लागतात, हे अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसलेलं आहे. आता दोन्ही एकत्र धर. चुलीत राखेखाली निखारा असला की नुसत्या वाऱ्यानेही तो फुलतो. गार चुलीवर तोच वारा आला तर राख उडते आणि काम संपतं. जागरण हा तो वारा. तुझ्या शेजारणीची चूल गार आहे, तुझ्या चुलीत निखारा असण्याचा संभव जास्त.

सर्दीचंच बघ. पिट्सबर्गच्या शेल्डन कोहेन यांनी धडधाकट लोकांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम घातले आणि कोण आजारी पडतं ते पाहिलं. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट निघाली. त्यांनीच त्याआधी २००४ साली आणखी एक गोष्ट छापली होती: लहानपणी आईवडिलांचं स्वतःचं घर जितकी कमी वर्षं होतं, तितकी मोठेपणी सर्दी लागायची शक्यता जास्त. दर हंगामाला मोडायची आणि नव्याने बांधायची कोपी ज्यांच्या वाट्याला आली, त्यांनी यावरून काय ते समजावं.

मात्र यातून "माझं नशीबच फुटकं" असा अर्थ काढशील तर मला राग येईल. हे सगळे आकडे शक्यतेचे आहेत. शक्यता जास्त असेल तर काळजी जास्त घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ. नाईटच्या दिवसांत मास्क आणि हात धुणं यात कसूर करू नकोस, आणि ज्या आठवड्यात नाईट आहेत त्या आठवड्यात लग्नं, बारशी, गावाकडचे पाहुणे घेऊ नकोस. बापाला मी सांगते.

झोपण्याआधी अंगाला खात्री दे

नाईटवरून आल्यावर खोली अंधारी करा, पडदे लावा, हे सगळेच सांगतात. तेही कर. येताना डोळ्यांवर गॉगल घाल किंवा ओढणी पुढे ओढ, कारण सकाळचं ऊन मेंदूला "दिवस झाला" असं सांगतं. शेवटचा चहा रात्री दोनच्या आत. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. तुझी आजी झोप आणि भूक दोन्ही मारायला मिश्री लावायची. ती तंबाखू तुझ्या पिढीत पुन्हा येऊ देऊ नकोस.

पण आपल्यासारख्यांच्या अंगाची खरी मागणी वेगळी असते. त्याला अंधार पुरत नाही, त्याला विचारायचं असतं: कोणी जागं आहे ना? गाडी आली तर कोण बघेल? या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय ते डोळा लागू देत नाही. म्हणून जागणारं माणूस ठरवून टाक. खोलीतल्या मुलींपैकी जी घरी असेल तिला सांग, "मी तीनपर्यंत झोपतेय, काही पेटलं तर तूच उठव." गावाकडे सांगून ठेव की अगदीच तातडीचं असेल तर तिच्या नंबरवर फोन करायचा. मग तुझा फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेव. फोन बंद करून नुसतं पडलीस तर निम्मं लक्ष त्या फोनमध्येच राहील. आधी जबाबदारी कोणाच्या तरी हाती दे, मग फोन बंद कर. हा क्रम महत्त्वाचा.

कडी स्वतः लाव आणि एकदाच तपास. आंघोळ, दोन घास, पडदा, अंथरूण, हाच क्रम रोज ठेव. कानात बोळे घालायचा सल्ला मिळेल. मला ते कधी मानवले नाहीत, काही ऐकू येईना की मी जास्तच सावध व्हायचे. पंख्याचा एकसुरी आवाज मानवला. तुला काय मानवतं ते बघ. आणि पडल्यावर बराच वेळ झोप लागली नाही तर तळमळत राहू नकोस. उठ, मंद उजेडात कपड्यांच्या घड्या घाल, डोळे जड झाले की परत ये. घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेव.

डुलकीला आळस म्हणू नको

फडात दुपारी सावलीला पाठ टेकलेल्या बाईला मुकादम काय बोलायचा ते मी ऐकलंय. ते बोलणं डोक्यातून काढून टाक. चेन्नईत कमी उत्पन्नाच्या साडेचारशे माणसांवर एक प्रयोग झाला, तो २०२१ साली छापून आला. ही माणसं रात्री आठ तास अंथरुणात असायची, पण झोप व्हायची साडेपाच तास. डास, उकाडा, आवाज, चिंता. झोपायच्या वस्तू, सल्ले असं सगळं देऊन त्यांची रात्रीची झोप जवळपास अर्ध्या तासाने वाढवली, तरी कामात म्हणावा तसा फरक पडला नाही, बहुधा ती झोपच तुटक होती म्हणून. कामाच्या जागी दुपारी शांत जागेत अर्धा तास डुलकी घेऊ दिली, तेव्हा मात्र काम सुधारलं आणि मनही बरं राहिलं. तासांच्या आकड्यापेक्षा निवांतपणाला मोल आहे, असा मी त्याचा अर्थ घेते.

तेव्हा नाईटला निघण्याआधी संध्याकाळी दीड तास झोप काढ. रात्री ब्रेक मिळाला तर वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. गाढ झोपेतून उठलीस तर डोकं बधिर होतं. उठल्यावर तोंड धुऊन पाच मिनिटं चाल, मगच इंजेक्शन भर.

ताटातलं संपवायचा हट्ट सोड

उपाशी वाढलेल्या माणसाला ताटात टाकायचं नसतं, आणि रात्री दोनला कोणीतरी वडापाव आणतंच. जागरणाने भूक वाढवणारा घ्रेलिन चढतो आणि पोट भरल्याचं सांगणारा लेप्टिन उतरतो, म्हणजे ती भूक खरीही नसते. जेवण ड्यूटीआधी करून जा: भाकरी, पालेभाजी, वाटीभर घट्ट डाळ. रात्री लागलंच तर फुटाणे, ताक, एखादं अंडं.

याचं कारण साखर. १९९९ साली छापून आलेल्या शिकागोतल्या एका प्रयोगात अकरा तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर त्यांच्या शरीराची साखर हाताळायची ताकद ढासळली आणि संध्याकाळचं कॉर्टिसॉल चढलेलं राहिलं. ते तरुण धडधाकट होते. आता आपलं बघ. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास केला. आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने लहान, हातापायाने बारीक, पण त्या मानाने अंगातली चरबी कमी नाही, असं त्यांना दिसलं. बाळ पोटात असताना आईला पुरेसं मिळालं नाही की ते स्नायूंवर काटकसर करतं, आणि पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. तुझी आई सातव्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलत होती. तू बारीक आहेस म्हणून तुला शुगर होणार नाही, असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर, एचबीए१सी आणि बीपी तपास. बीपी ड्यूटी संपताना नाही, आरामाच्या दिवशी.

जागरणानंतर आलेला राग आणि निर्णय उद्यावर टाक

नाईटच्या शेवटच्या दिवशी कोणाला राजीनामा देऊ नको, लग्नाला हो-नाही म्हणू नको, बापाशी भांडू नको. झोप नसली की मेंदूतलं भीतीचं केंद्र सुसाट सुटतं आणि त्याला आवर घालणारा पुढचा भाग ढिला पडतो. आपल्याकडे त्या केंद्राला लहानपणापासूनच जास्त सराव. "सगळे माझ्या विरुद्ध आहेत" असं वाटलं की आधी मोज, गेल्या दोन दिवसांत किती तास झोपलीस. झोपून उठल्यावरही तसंच वाटलं, तर मग खुशाल भांड.

गोळी स्वतःच्या हाताने घेऊ नको

आपल्या हाताशी कपाट असतं, म्हणून सांगते. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही. महिना-दोन महिने झोप लागत नसेल तर त्यावर बोलून आणि सवयी बदलून करायचा उपचार आहे, आणि जुनाट निद्रानाशावर तोच आधी सुचवला जातो. जोरात घोरत असशील, तर तेही तपासायला हवं. जुन्या रात्री स्वप्नात परत येत असतील तर मनाच्या डॉक्टरांकडे जा, त्यात लाज नाही. कोणाकडे जावं कळलं नाही तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतही बोलतात.

जे तुला मिळालं ते पुढे दे

इतकं सोसूनही आपण बऱ्यापैकी सावरलो, त्यालाही कारण आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गरिबीत वाढलेल्या मोठ्या माणसांच्या रक्तपेशी तपासल्या. ज्यांना आईची माया भरपूर मिळाल्याची आठवण होती, त्यांच्या पेशींत दाहाची खळबळ कमी होती. गरिबी तीच, फरक मायेचा. ट्रक भरून आल्यावर तुझी आजी हात धुवायच्या आधी कोपीत डोकावून आम्हाला हाक मारायची. हात उसाच्या पात्यांनी चिरलेले असायचे. "आले गं मी, झोपा आता." आम्ही त्या शब्दावर झोपायचो.

तुझ्या वॉर्डात हंगामात उसाच्या पट्ट्यातली पोरं येतील, एखादं जुलाबाने वाळलेलं, एखादं चुलीवर भाजलेलं. रात्री त्यांची कामं एकत्र कर: ताप, नाडी, औषध एकाच फेरीत, म्हणजे चारदा उठवावं लागणार नाही. कॉटजवळचा दिवा मालव. आईला बाजूला बसू दे, नियम आड आला तर मेट्रनबाईंशी बोल. पोर दचकून जागं झालं तर "गप झोप" म्हणू नकोस, "मी इथंच आहे, जागी आहे" असं सांग. आणि तुझ्या हाताखाली नवी मुलगी येईल, तिची तिसरी नाईट जड गेली तर "आमच्या वेळी" असं सुरू करू नकोस. तिला विचार, काल किती झोपलीस, आणि एक राउंड तिच्या वाटचा तू घे.